तळपदे सरांचे रुमाल

सुरुवातीलाच माफी मागतो. तळपदे सरांवर लिहायचा अधिकार माझा नाही. त्यांच्या हाताखाली इतिहास शिकून प्राध्यापक झालेली माणसं मुंबईत आहेत, त्यांनी लिहायला हवं होतं. मी सरांच्या निवृत्तीनंतर कॉलेजात आलो. वर्गात त्यांनी मला एकही तास शिकवला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे मोठ्या माणसाविषयी लिहायची काही रीत असते ती मला कुणी सांगितलेली नाही. दोनदा लिहून फाडलं. काही दिवस वाट पाहिली, की कुणीतरी लिहील. कुणी लिहिलं नाही. म्हणून मला जेवढं आठवतं तेवढं लिहितो. चुकलं तर ज्यांना जास्त ठाऊक आहे त्यांनी दुरुस्त करावं.

परळच्या आमच्या कॉलेजात मागच्या इमारतीत जिन्याखाली एक लांबट खोली होती. दारावर ‘अभिलेखागार’ अशी पाटी होती. तिथे काय असतं ते कुणाला माहीत नव्हतं. मी फर्स्ट इयरला असताना स्कॉलरशिपच्या फॉर्मवर शिक्का मारून घ्यायला चुकून त्या खोलीत गेलो. आत एक सत्तरीपुढचे गृहस्थ टेबलावर कडुनिंबाचा वाळका पाला निवडत बसले होते. पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल, आणि त्याच खिशातून बाहेर आलेलं सुतळीचं टोक.

“या. पेन तेवढं बाहेर ठेवा,” ते म्हणाले.

मला तोपर्यंत कुणी ‘या’ म्हटलं नव्हतं. चाळीत, शाळेत, ऑफिसच्या खिडकीवर सगळीकडे ‘ये’, ‘अरे’, ‘ए परब’. मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागून कुणी सर आलेत का.

मी चुकीच्या खोलीत आल्याचं सांगितलं. तरी त्यांनी बसवून घेतलं. नाव, राहायला कुठे, वडील काय करतात, हे सगळं विचारलं आणि मग एकदम म्हणाले, “तुमच्या घरी कागद कुठे ठेवतात?”

मला वाटलं फॉर्मच्या झेरॉक्सबद्दल विचारतायत. म्हटलं, “काही देवाच्या फोटोमागे, सर. बाकीचे आजीच्या ट्रंकेत. ती कुणाला उघडू देत नाही.”

मी पहिल्या वर्गात पास झाल्यासारखे ते खूश झाले. उठले, हात धुतले, टॉवेलला कोरडे केले, आणि कपाटातून एक जाडजूड हजेरीपट काढला. पूर्वी आमच्या कॉलेजच्या इमारतीत संध्याकाळी गिरणी कामगारांसाठी शाळा भरायची, तिचा तो होता. डिलाईल रोडचे परब कोण कोण होते हे बघत त्यांचं बोट खाली गेलं आणि थांबलं. ‘धोंडू भिकाजी परब. राहणार डिलाईल रोड. गिरणी. रिंग खाते.’

माझे आजोबा. ते संध्याकाळच्या शाळेत जायचे हे घरात कुणी बोललं नव्हतं. मी त्यांना पाहिलेलंही नाही.

“कॉलेजच्या रजिस्टरात माणूस एका ओळीचा असतो, परब,” सर म्हणाले. “बाकीचा त्याच्या घरी असतो.”

हे वाक्य ते प्रत्येकाला ऐकवायचे, हे मला नंतर कळलं. गावडे मामा, म्हणजे त्या खोलीचे शिपाई, ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायचे.

त्या खोलीत एका भिंतीला कॉलेजची आणि विद्यापीठाशी झालेल्या व्यवहाराची जुनी दप्तरं होती. प्रवेशाची रजिस्टरं, परीक्षांचे निकाल, सभांची इतिवृत्तं. त्यांच्यासमोरच्या भिंतीला, जमिनीपासून छतापर्यंत, कापडात बांधलेली गाठोडी. जुन्या दप्तरखान्यात कागद चौकोनी कापडात बांधून ठेवायचे, त्याला रुमाल म्हणतात. सर रुमालच म्हणायचे. गावडे मामा बोचकी म्हणायचे. प्रत्येक रुमाल एका घरातून आलेला. लालबागच्या, काळाचौकीच्या, डिलाईल रोडच्या चाळींतून सरांनी तीस-पस्तीस वर्षं फिरून ते जमवले होते. त्यात काय नव्हतं? खानावळीचे पास, गावकरी मंडळाच्या पावत्या, गणपतीचे अहवाल, भजनाच्या वह्या, युनियनची पत्रकं, संपाच्या दिवसांत गावाला पाठवलेली आणि गावाहून आलेली पत्रं. एखाद्या पत्रकाच्या मागे पोराचे पाढे.

सरांचा नियम असा, की ज्या कापडात कागद घरी होते त्याच कापडात ते इथे राहणार. त्यामुळे ती भिंत रंगीबेरंगी होती. नऊवारीचे तुकडे, पंचा, पिठाची पिशवी, गिरणीचा शिक्का असलेलं मांजरपाट. दोन घरांचे कागद कधी एकत्र करायचे नाहीत. लिहायचं ते पेन्सिलीनं. आणि गाठ कापायची नाही, सोडायची. “गाठसुद्धा त्या घरातल्या कुणाच्या तरी हाताची आहे,” असं ते म्हणायचे. नखानं, सावकाश, वेळ लागला तर लागला. नाहीच सुटली तर रुमाल बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी परत बसायचे.

तोपर्यंत मी रिकाम्या तासांना त्या खोलीत जाऊन हाताखाली काम करायला लागलो होतो. एकदा कॉलेजची तपासणी करायला बाहेरची समिती आली. प्रिन्सिपल त्यांना फिरवत फिरवत आमच्या खोलीत घेऊन आले.

“टोटल किती डॉक्युमेंट्स आहेत?” समितीतल्या एका सरांनी विचारलं.

“कागद मोजलेले नाहीत,” तळपदे सर म्हणाले. “घरं सांगू शकतो.”

त्या पाहुण्यांनी एक रुमाल उचलला आणि गाठीचं टोक ओढलं. चुकीचं टोक ओढलं, गाठ आणखी आवळली. सरांनी तो त्यांच्या हातातून हलकेच घेतला, खुर्चीत बसले आणि नखानं गाठ सोडायला लागले. समिती उभी. प्रिन्सिपल उभे. मामा माझ्या कानाशी म्हणाले, “गेला चहा. आता हे संध्याकाळपर्यंत.” गाठ सुटल्यावर सरांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “हं. विचारा.” तोपर्यंत ते लोक कँटीनकडे निघाले होते.

मामा आणि सर यांचं असंच चालायचं. खोलीत डबा उघडायला मनाई होती. मामा बाहेर पायरीवर बसून जेवायचे आणि ऐकू जाईल इतपत बडबडायचे, “सुरमईचा वास लगेच लागतो ह्यांच्या नाकाला. डांबरगोळ्यांचा लागत नाही.” त्यावर सर आतून म्हणायचे, “गावडे, सुरमई नाहीये ती. हलवा आहे.” ते मूळ मुंबईचे, गिरगावात त्यांच्या चार-पाच पिढ्या गेल्या, सगळ्या कचेऱ्यांत कारकून. मासळी वासावरून ओळखायचे. पत्नी कधीच गेलेल्या, मूलबाळ नव्हतं. घराबद्दल ते याहून जास्त बोलले नाहीत आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

सर आमच्या घरी आले तो दिवस मला आठवतो. आजीनं चहा केला. सर कागदांविषयी एक शब्द बोलले नाहीत. गावाकडच्या मिरगाच्या कामांविषयी बोलले, आणि गेले. महिन्याभराने परत आले. परत चहा, परत गेले. मला कळेना. तिसऱ्या वेळी आजीनं आपणहून ट्रंक ओढली. आजोबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं काढून तिनं मांडीवर ठेवलं, पण सोडलं नाही.

“परत मिळतले मां?” तिनं विचारलं.

“मागाल त्या दिवशी,” सर म्हणाले.

“आणि सही बिही?”

“सही नको.”

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं गाठोडं दिलं.

खाली उतरल्यावर मी विचारलं, की सर, पावती, सही, काहीच कसं नाही? त्यांनी सांगितलं, की ही शिकवण त्यांना गिरणगावानं दिली. सुरुवातीला ते छापील फॉर्म घेऊन फिरायचे. ‘मी ही कागदपत्रे स्वखुशीने संस्थेस देत आहे.’ त्या ‘स्वखुशीने’पाशी माणसं दार लावून घ्यायची. कारण संपानंतर गिरणीच्या गेटवर पुष्कळांनी एका कागदावर सह्या केल्या, अंगठे उठवले, आणि मागाहून कळलं की आपण स्वखुशीनं नोकरी सोडली. माझे आजोबाही त्यांतलेच. हे मला सरांकडून कळलं, घरातून नाही. “ज्या माणसाची सही एकदा त्याच्यावरच उलटली, त्याच्यापुढे परत कागद कसा धरायचा?” सर म्हणाले. तेव्हापासून त्यांनी फॉर्म बंद केला. फक्त शब्द. मागाल त्या दिवशी परत. त्या शब्दावर ती सगळी भिंत उभी होती.

मी थर्ड इयरला होतो तेव्हा कॉलेजची मागची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. विद्यापीठाच्या मोठ्या संग्रहालयानं कॉलेजची दप्तरं घ्यायचं कबूल केलं. तिथून एक तरुण अधिकारी बघायला आले. चांगला माणूस. त्यांनी रजिस्टरं पाहिली, मग रुमालांची भिंत पाहिली, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

“सर, हे फार मोठं काम आहे,” ते म्हणाले. “हे आम्ही घ्यायलाच पाहिजे. दानपत्रं कुठेत?”

“नाहीत.”

“पोच? देणाऱ्याची सही असलेलं काहीही?”

“नावं आहेत. प्रत्येकावर आहे.”

“नाव तुम्ही लिहिलंय, सर. सहीशिवाय हे आमच्या नोंदीत येत नाही. कायद्यानं बघितलं तर हे आज कुणाचंच नाही.”

“कुणाचंच कसं?” सर म्हणाले. “घरं आहेत ना.”

कॉलेजचंही म्हणणं तेच. संस्थेच्या मालमत्तेत ज्याची नोंद नाही, त्याला नव्या इमारतीत जागा देता येत नाही. प्रिन्सिपलनी सुचवलं, स्कॅन करून घ्या आणि मूळ काढून टाका. सरांनी विचारलं, “स्कॅनवर नाव कुणाचं घालू? सही नाही म्हणता ना?” अधिकाऱ्यांनी शेवटी वाट काढून दिली. दिवाळीपर्यंत जेवढ्या घरांच्या सह्या आणाल तेवढे रुमाल आम्ही घेऊ.

सरांनी स्वतः एक पानाचं दानपत्र लिहिलं. मोठ्या अक्षरांत. ‘स्वखुशीने’ हा शब्द त्यात नव्हता. मी आणि मामा आळीपाळीनं त्यांच्याबरोबर जायला लागलो.

काळाचौकीच्या एका चाळीत सुर्वे म्हणून आजी होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या भजनाच्या वह्या सरांकडे वीस वर्षं होत्या. आम्ही जिना चढलो तर पहिल्याच वळणावर भिंतीवर कागद चिकटवलेला. ‘सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, समितीला विचारल्याशिवाय कोणीही कोणत्याही कागदावर सही करू नये.’ चाळीचा पुनर्विकास व्हायचा होता. दोन बिल्डर होते आणि दोन गट. दोघांची माणसं दारोदार संमतीच्या सह्या गोळा करत फिरत होती.

सरांनी तो कागद वाचला. चष्मा काढून पुसला. मग वर चढले.

सुर्वे आजींनी त्यांना ओळखलं, मोरी धुऊन झाल्याझाल्या ओल्या हातांनीच चहा टाकला. सरांनी पिशवीतून दानपत्र काढलं तेव्हा आजींचा मुलगा आतून बाहेर आला. पन्नाशीचा असेल.

“कसली सही?”

“तुमच्या वडिलांच्या वह्यांची. त्या विद्यापीठात नीट राहतील.”

“वह्या तर कधीच दिल्यात ना तुम्हाला? मग आत्ता सही कशाला?”

“नियम आहे तसा.”

“वीस वर्षं नियम नव्हता?” मुलगा म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्याने. “सर, राग मानू नका. कागद ठेवून जा. समितीच्या वकिलाला दाखवतो.”

सुर्वे आजी कपबशी हातात धरून तशाच उभ्या होत्या. सरांनी सगळा चहा प्यायला. उतरताना खालच्या मजल्यावरच्या एका पोरानं आम्हाला हटकलं, “ओ काका, तुम्ही कुठल्या बिल्डरचे? मोठ्या गटाचे की दुसऱ्या?”

“मी कॉलेजचा आहे,” सर म्हणाले.

“हां, हां. सगळे असंच सांगतात.”

त्यानंतर बातमी पसरली. गिरणगावात बातमीला जिना चढायला वेळ लागत नाही. ते कॉलेजचे म्हातारे सर, जे कधी सही मागत नव्हते, ते आता सह्या मागत फिरतायत. त्यांना कुणीतरी पुढे केलंय. आधी वीस वर्षं विश्वास कमावला, आता वसूल करतायत. हे मी माझ्या कानानं आमच्या चाळीच्या नळावर ऐकलं. ज्यांच्या घरी सरांना जेवायचा आग्रह व्हायचा, तिथे आता दार अर्धंच उघडायचं. कुणी अपमान केला नाही. अपमान केला असता तर सरांनी उलट काही सांगितलं तरी असतं.

मग ते आमच्या घरी आले. मला वाटत होतं, आमची तरी सही होईल. मी वडिलांना आधी सगळं समजावलं होतं. वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि खाली ठेवला.

“सरांवर माझा विश्वास आहे,” ते म्हणाले. “कागदावर नाही. आमच्या बाबांनी एक केली होती सही.”

मी रडकुंडीला आलो. म्हटलं, “बाबा, अहो, मी स्वतः वाचलाय ना तो.”

“तू शिकलास म्हणून कागद बदलत नाही.”

आजी कोपऱ्यातून बोलली. तिला वाईट वाटलं होतं, ते वेगळ्याच गोष्टीचं. “सर, तेव्हा तुम्ही सही मागलास नाय. मगे आता कित्या मागतास? माझो शब्द पुरलो नाय तुमका?”

सरांनी हात जोडले. म्हणाले, “पुरला, आजी. मलाच पुरला.” दानपत्र घडी करून त्यांनी खिशात ठेवलं आणि नंतर कुणासमोर काढलं नाही.

दिवाळीपर्यंत झालेल्या सह्या मामांच्या डब्याच्या झाकणात मावल्या असत्या. त्या घरांचे रुमाल रजिस्टरांबरोबर टेम्पोत चढले. बाकीची भिंत तशीच.

मग सरांनी दुसरं काम हाती घेतलं. शब्द दिला होता, मागाल त्या दिवशी परत. कुणी मागत नव्हतं, पण ठेवायला जागा नव्हती, म्हणून न मागताच परत करायचे. गावडे मामा वैतागले. “सर, आधी घ्यायला फिरलात, मग सह्यांना फिरलात, आता द्यायला फिरताय. टपालखातं सुद्धा एवढं फिरत नाही.” पण पिशव्या त्यांनीच उचलल्या.

इथे जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लोक परत घेईनात. सह्यांच्या दिवसांत जे संशयानं बघत होते तेच आता, कागद परत आलेले बघून ओशाळे झाले. “नको, नको सर. तुमच्याकडेच राहू दे. तुमच्याकडे नीट राहतील.” कुणी खरंच मानानं म्हणत होतं. कुणाच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन माणसं वाढली होती. कुणी सांगत होतं, आम्ही आता नालासोपाऱ्याला जातोय, तिथे सामानच टाकून चाललोय. सरांनी एकदाच सांगायचं होतं, की कॉलेजनं हे रुमाल बाहेर काढलेत, आता माझ्याकडेही जागा नाही. ते मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी जिन्यात एकदा विचारलं, का सांगत नाही? म्हणाले, “त्यांनी कॉलेजला दिलं होतं, परब. त्यांना कसं सांगू, की कॉलेजला तुम्ही नको होतात?”

लालबागला एका चाळीच्या जागी टॉवर झाला होता. मी सरांबरोबर गेलो. गेटवरच्या वॉचमननं रजिस्टर पुढे केलं. “किसके यहाँ जाना है?”

“तावडे,” सर म्हणाले. “दुसरा मजला, जिन्याजवळची खोली.”

“फ्लॅट नंबर बोलो ना, अंकल.”

सरांनी पिशवीतला रुमाल काढून त्यावरचं पेन्सिलीतलं नाव परत वाचलं. तिथे खोली होती, चाळ होती, फ्लॅट नव्हता. वॉचमननं एक-दोन ठिकाणी इंटरकॉम लावून पाहिला. तावडे कुणालाच माहीत नव्हते. त्यांनी खोली विकली असेल, किंवा गावी गेले असतील. सर रुमाल छातीशी धरून त्या काचेच्या दारात उभे होते आणि आत-बाहेर जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मी म्हटलं, “चला सर.” ते म्हणाले, “हो. इथेच जिना होता,” आणि तरी थोडा वेळ तिथेच थांबले.

कॉलेजची इमारत रिकामी करायच्या आदल्या आठवड्यात सरांनी उरलेले रुमाल गिरगावात स्वतःच्या घरी नेले. तिथेही ते फार दिवस राहिले नाहीत. त्यांची इमारत धोकादायक ठरली होती आणि तिचाही पुनर्विकास सर्वांच्या संमतीवर अडलेला. शेजाऱ्यांचं शिष्टमंडळ त्यांच्याकडे आलं. तळपदे, तुमच्या एका सहीसाठी थांबलंय. सरांनी पेन मागितलं आणि न वाचता सही केली. हे मामांनी सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. मी सरांना विचारलं. म्हणाले, “सही मागायला आलेल्या माणसाला परत पाठवणं काय असतं ते मला माहितीय.”

त्या सहीनं त्यांना अँटॉप हिलच्या बाजूला संक्रमण शिबिरात एक खोली मिळाली. गिरगावच्या घराच्या निम्मी.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे. बी.ए. झालो होतो, दादरच्या एका क्लासमध्ये शिकवत होतो, एम.ए. बाहेरून करत होतो. खोलीचं दार पूर्ण उघडत नव्हतं, मागे रुमाल होते. भिंतीला रुमाल, खिडकीपाशी रुमाल, पलंगाखाली, पलंगावर पायथ्याशी. ओल येत होती म्हणून जमिनीवर विटा लावून त्यावर फळ्या टाकल्या होत्या. स्वयंपाकाला फक्त एक कोपरा. सर खूप वाळले होते. मला म्हणाले, “या. पेन बाहेर ठेवा.” मग स्वतःच हसले.

मी घरून निघतानाच ठरवलं होतं. आमची आजी त्याआधी चार महिने गेली होती. मी सरांना कळवलं नव्हतं, ते येऊ शकले नसते. मी म्हटलं, “सर, आजीनं कागद मागितलेत.”

त्यांचा चेहरा बदलला. “मागितले?”

“हो. परत हवेत म्हणाली.”

ते उठले. इतक्या ढिगात त्यांनी आमचा रुमाल न शोधता काढला. हात धुतले. माझ्यासमोर नखानं गाठ सोडली. एकेक कागद मला दाखवला. आजोबांचा गिरणीचा पास, संध्याकाळच्या शाळेचा दाखला, आजीनं गावाहून कुणाकडून तरी लिहवून पाठवलेली चार पत्रं. सगळं बरोबर आहे ना, म्हणून विचारलं. मग परत तशीच गाठ मारली, आजीची, डावीकडून.

“मिळाल्याची सही देऊ का, सर?” मी म्हटलं. मला थट्टा करायची होती की काय, मला माहीत नाही.

“नको हो, परब,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “आजी बऱ्या आहेत?”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना कळलं होतं. “त्यांना सांगा,” ते म्हणाले, “मागितले त्या दिवशी दिले.”

मी निघालो तेव्हा ते दाराच्या फटीत उभे होते. मागे ती सगळी घरं.

त्यानंतर मी दोनदा फोन केला, लागला नाही. परीक्षा होत्या, क्लास होता. विद्यापीठाच्या संग्रहालयात एकदा गेलो होतो. तो हजेरीपट आता तिथे एसीत आहे, राखी रंगाच्या खोक्यात. आजोबांची ओळ आहे. मी ती वाचली आणि परत आलो.

गेल्या महिन्यात गावडे मामांचा फोन आला. त्यांनाही उशिराच कळलं होतं. सर पावसाळ्याच्या शेवटी आजारी पडले, शेजाऱ्यांनी सरकारी हॉस्पिटलात नेलं, तिथेच गेले. एक लांबचा पुतण्या आला, त्यानं पुढचं सगळं केलं. खोली ताबडतोब खाली करून द्यायची होती. मामा पोचले तेव्हा टेम्पो भरून झाला होता.

“आणि रुमाल, मामा?”

“भंगारवाल्यानं दारातच बसून केलं सगळं. कागद एकीकडे, कापडं एकीकडे. कापडाला गॅरेजवाले असतात ना, पुसायला.”

आमचा रुमाल घरी कपाटावर आहे, मी बोलताना त्याच्याकडेच बघत होतो.

“गाठी सोडल्या होत्या का, मामा?”

“कोण सोडत बसतंय, बाळा,” ते म्हणाले. “त्याच्याकडे ब्लेड होतं.”